मनोवेदना : आत्महत्येच्या विचारामागचे दुखणे

पोट दुखते म्हणून आलेल्या रुग्णास आपण प्रथम 'कोठे दुखते?' असे विचारतो. जीव नकोसा झाल्याचे सांगणाऱ्यास मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याच्या वाट्याला उपदेश येतो. 'तुला काय कमी आहे?', 'मुलाबाळांकडे बघ' अशा वाक्यांनी दुखणे थांबत नाही, ते बोलून दाखवणे तेवढे थांबते, असे माझे निरीक्षण आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन (१९१८–२००९) यांनी हाच साधा प्रश्न आत्महत्येच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला. १९४९ मध्ये लॉस एंजेलिस येथे आत्महत्या केलेल्यांच्या शेकडो चिठ्ठ्या त्यांच्या पाहण्यात आल्या. नॉर्मन फार्बरो यांच्यासमवेत त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांची तुलना, तसा प्रसंग कल्पून इतरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांशी केली. पुढे १९५८ मध्ये रॉबर्ट लिटमन यांच्यासह त्या दोघांनी तेथे आत्महत्या प्रतिबंध केंद्र स्थापिले. १९९३ मध्ये श्नाइडमन यांनी या असह्य मानसिक दुखण्यास 'सायकेक' असे नाव दिले. मी त्यास मनोवेदना म्हणतो.

त्यांचे प्रतिपादन असे, की प्रेम, मान, आपुलकी, स्वतःच्या आयुष्यावरील ताबा यांपैकी एखादी जिव्हाळ्याची गरज चिरडली गेली की ही वेदना उपजते. ती असह्य झाली की दृष्टी आकुंचित होते. वेदना सोसणे किंवा सारे संपविणे, एवढे दोनच मार्ग दिसतात. त्या माणसाला वस्तुतः वेदना थांबायला हवी असते, आणि बहुधा अखेरपर्यंत त्याचे मन द्विधा असते. म्हणून वेदना थोडी जरी उतरली, तरी तिसरा मार्ग दिसू लागतो. नैराश्य, मद्यासक्ती यांवर औषधोपचार हवेतच. परंतु प्रत्येक निराश माणूस मरू इच्छीत नाही, आणि मरू इच्छिणारा प्रत्येक जण नैराश्याचा रुग्ण असतोच असे नाही.

येथे आपली भाषा कामी येते. 'तोंड दाखवायला जागा उरली नाही' म्हणणाऱ्याचा मान दुखावलेला असतो. 'घराला माझा भार झालाय' हे दुखणे निराळे, 'माझं असं कोणी नाही' हे त्याहून निराळे, आणि 'सगळीकडून कोंडी झालीय' यात कर्जही असू शकते. आपल्या बेळगावात रुग्ण हे मराठीत सांगतो आणि केसपेपरवर इंग्रजीत 'डिप्रेशन' एवढाच शब्द उतरतो! त्याचे मूळ वाक्यच लिहून ठेवावे. उपाय कोठून सुरू करावा हे तेच सांगते. कर्जाच्या कोंडीत सापडलेल्यास बँकेत सोबत जाणारा एखादा नातलगही औषधाइतकाच उपयोगी पडतो.

'जीव द्यावा असे मनात येते का?' हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, हा समज निराधार आहे. बेत ठरलेला दिसल्यास रुग्णास एकटे सोडू नये, घरातील धोक्याची साधने आप्तांकरवी दूर करवावीत व त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाची भेट घडवावी. कायद्याचे भय कुटुंबाला असते. त्यांस सांगावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ अशा व्यक्तीस तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ ठेवलेले नाही. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही विनामूल्य सेवाही रात्रंदिवस आहे.

पुढील भेट महिन्याने न ठेवता दोन-तीन दिवसांत ठेवावी, आणि रुग्ण आला नाही तर आपणच फोन करावा.