पाटील मास्तरांचे घर

साताऱ्यात एक मास्तर राहत होते. गावचे लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे साऱ्या महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हटले. पण त्यांच्या घरात वाढलेली पोरे त्यांना अण्णा म्हणत, आणि त्यांच्या पत्नीला वहिनी म्हणत. कर्मवीरांच्या संस्थेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही या पाठात त्यांच्या घराची हकीकत सांगणार आहोत. ती ऐकल्याशिवाय संस्था कशी उभी राहिली हे नीट कळत नाही.

अण्णांचे पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज या गावी झाला. कुंभोज कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आहे. ते त्यांचे आजोळ. त्यांचे स्वतःचे गाव ऐतवडे बुद्रुक, आजच्या सांगली जिल्ह्यातले. घराणे जैन शेतकऱ्याचे. वडील सरकारी कारकून होते.

लहानपणची एक गोष्ट सांगतात. गावच्या विहिरीवर महार-मांगांना पाणी भरू देत नसत. उन्हातान्हात बाया घागरी घेऊन ताटकळत उभ्या राहत. कोणाला दया आली तर वरून पाणी घालायचे, नाही आली तर तसेच परत जायचे. हे बघून भाऊरावांचे डोके फिरले. त्यांनी विहिरीवरचा रहाटच मोडून टाकला. आम्हाला पाणी नाही तर कोणालाच नाही, असा तो पोराचा राग! रहाट काय, चार दिवसांत पुन्हा बसतो. पण तो राग पुढे जन्मभर टिकला.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला गेले. तेथे शाहू महाराजांचे राज्य होते. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाला भाऊराव गेले होते. ते स्वतः दुसऱ्या एका वसतिगृहात राहत होते. परत आल्यावर तेथील व्यवस्थापक म्हणाले, विटाळ झाला, आधी आंघोळ कर, मग जेवायला बस. भाऊरावांनी आंघोळ करायला साफ नकार दिला. त्यापायी त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्यांचे शिक्षणही इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ते मॅट्रिक झाले नाहीत.

पुढे ते साताऱ्याला आले. मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. शिकवत चांगले. त्यामुळे शिकवण्या पुष्कळ मिळाल्या आणि पाटील मास्तर हे नाव पडले. नंतर ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरासाठी ते गावोगाव हिंडले. नांगर विकता विकता त्यांनी खेडी पाहिली. कुठे शाळाच नाही. कुठे शाळा आहे, पण गुरे राखणारा पोरगा तिकडे फिरकत नाही. जो शिकायला तयार आहे त्याला शहरात राहायला जागा नाही आणि खायला भाकरी नाही. यावर एकच उपाय त्यांना दिसला. पोरांना राहायला घर द्यायचे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. रयत म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी साधी, कष्टकरी जनता. तेथे वसतिगृह सुरू झाले. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. साताऱ्यात वसतिगृहाला वेगळी इमारत कुठली? मास्तरांचे राहते घर हेच वसतिगृह झाले.

आता त्या घरातल्या बाईंचा विचार करा. त्यांचे नाव लक्ष्मीबाई. त्याही कुंभोजच्याच, सधन पाटील घराण्यातल्या. अंगावर भरपूर सोने घेऊन सासरी आलेल्या. माहेरी सोवळे-ओवळे कडक. ज्या घरात अस्पृश्यांबरोबर पंगत बसे, त्या घरचे पाणीही त्या काळी नातेवाईक घेत नसत. आणि इथे तर नवऱ्याने मराठा, महार, मांग, चांभार, मुसलमान, जैन, सगळी पोरे एकाच घरात आणून ठेवली. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एकेका समाजाचे वेगळे वसतिगृह होते. प्रत्येक समाजाने आपली मुले शाळेत घालावीत म्हणून महाराजांनी तसे केले, आणि त्याचा उपयोगही झाला. अण्णांनी पुढचे पाऊल टाकले. एक चूल, एक पंगत.

पण चूल कोणाची? लक्ष्मीबाईंची. पंगतीचा निश्चय अण्णांनी केला. तो रोज दोन वेळा निभावला लक्ष्मीबाईंनी. लहानपणापासून मनात बसलेला विटाळ काढून टाकणे सोपे नसते. लक्ष्मीबाईंनाही ते पहिल्याने जड गेले. पण एकदा मन घट्ट केल्यावर त्यांनी दुजाभाव केला नाही. आजारी पोराच्या उशाशी त्या बसल्या. लहानग्यांना त्यांनी आपल्या हाताने भरवले. पोटची मुलेही त्याच पंगतीत वाढली.

घरात चार माणसे असली तरी भाकऱ्या थापता थापता हात दुखतात, हे बायांना सांगायला नको. समजा, मुले चाळीस आहेत आणि एका वेळेला एकाला दोन भाकरी लागतात. दोन वेळच्या मिळून एकशेसाठ भाकरी झाल्या. पाटी घेऊन हिशेब करून पाहा. तेवढे पीठ दळायचे, तेवढे जळण आणायचे. पोरे हाताखाली असत, हे खरे. दळण, सरपण, पाणी, स्वयंपाक ही कामे मुलांनी करायची, हा अण्णांचा नियमच होता. दान म्हणून फुकट खायचे नाही, कष्ट करून शिकायचे. पुढे धनिणीच्या बागेत वसतिगृह गेल्यावर मुले शेतीही करू लागली. गावोगावचे लोक आपापल्या परीने धान्य देत. तरीपण ओढाताण चुकत नसे.

अण्णा वर्गणीसाठी सतत फिरतीवर असत. घरातले धान्य संपले की लक्ष्मीबाईंनी एखादा दागिना काढून द्यायचा. असे करता करता माहेरचे सोने संपत आले. एकदा सण तोंडावर आला आणि कोठीत दाणा नव्हता. अण्णा परगावी. पोरे उपाशी राहायची वेळ आली. अंगावर उरले होते ते मंगळसूत्र. लक्ष्मीबाईंनी ते गळ्यातून काढले, विकायला दिले आणि धान्य आणवले. मुले जेवली.

नवरा जिवंत असताना मंगळसूत्र काढणे म्हणजे त्या काळी केवढा अपशकुन! आजही कितीतरी घरांत बाई ते मनावर घेणार नाही. ही गोष्ट सांगताना लोक बहुधा वहिनींच्या त्यागापाशी थांबतात. आम्हाला दोन गोष्टी आणखी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे, हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. अण्णांनी मागितले म्हणून त्यांनी दिले नाही. अण्णा तर घरी नव्हतेच. दुसरी म्हणजे, गरिबांची पोरे शिकावीत म्हणून एका बाईवर ही पाळी यावी, हे त्या काळच्या सरकारला आणि साताऱ्यातल्या पैसेवाल्यांना शोभणारे नव्हते. त्यांची थोरवी मानायची, पण ही लाजेची बाजू विसरायची नाही.

१९२७ साली महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांच्या हस्ते वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आले. सगळ्या जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात, हे पाहून गांधीजी प्रसन्न झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९३० साली, लक्ष्मीबाई वारल्या. संस्था मोठी झालेली त्यांनी पाहिली नाही. शाळा निघाल्या, कॉलेजे निघाली, मानमरातब आले, ते सगळे त्यांच्या मागे.

अण्णा मात्र तसेच राहिले. खादीचे कपडे, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पांढरी दाढी. असे ते खेड्यांतून हिंडत. हुशार पण गरीब पोरगा दिसला की त्याच्या बापाला गाठायचे आणि पोराला साताऱ्याला घेऊन यायचे. बाप म्हणे, गुरे कोण राखील? त्याचे उत्तर सोपे नसे. एक पोरगा शाळेत गेला की घरातले दोन हात कमी होतात, हे अण्णा शेतकऱ्याच्या घरचे असल्याने जाणून होते. त्यांना खेडूत ऐकत, ते याच कारणाने, असे आम्हाला वाटते.

असाच एक गरीब मुलगा त्यांच्या वसतिगृहात लहानाचा मोठा झाला. त्याचे नाव पी. जी. पाटील. अण्णांनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले आणि शिकायला विलायतेला पाठवले. तो बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर होऊन मुंबईत पैसा मिळवता आला असता. पण तो परत अण्णांकडे आला आणि संस्थेत काम करू लागला. पुढे हेच बॅरिस्टर पाटील कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९३५ साली अण्णांनी साताऱ्यात शिक्षक तयार करण्याचे विद्यालय काढले. तेथून बाहेर पडलेले मास्तर शाळा नसलेल्या खेड्यांत गेले. इमारतीची वाट न बघता कोणी देवळात, कोणी चावडीत शाळा भरवली. अशा शेकडो शाळा निघाल्या. १९४० साली हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला कॉलेज निघाले, त्याला गाडगे महाराजांचे नाव दिले. गाडगे महाराजांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, आणि अण्णाही कॉलेजात गेले नव्हते. दोघांचा एकमेकांवर मोठा जीव होता.

१९५९ साली सरकारने अण्णांना पद्मभूषण ही पदवी दिली. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही मोठी पदवी सन्मानाने दिली. मॅट्रिक न झालेला माणूस विद्यापीठाचा डॉक्टर झाला! त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. रयतेच्या शाळांत आणि कॉलेजांत आजही लाखो मुले-मुली शिकतात. साताऱ्यात संस्थेचे मुलींचे वसतिगृह आहे. त्याला लक्ष्मीबाईंचे नाव दिले आहे.