बारीक केसांचं जाडजूड बिल

पार्लरच्या खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड बांधलं गेलं आणि मागून आवाज आला, “ताई, केस खूपच पातळ आहेत तुमचे, केराटिन करून घ्या ना,” तर लगेच मान डोलवू नका. पनवेलमध्ये या कामाला साधारण तीन ते सात हजार रुपये पडतात, केस लांब असतील तर आणखी. केराटिन, स्मूदनिंग, हेअर बोटॉक्स, नावं काहीही असोत, काम एकच: पिंजारलेले केस सरळ, चकचकीत करून खाली बसवणं. बारीक केसांना नेमकं हेच नको असतं. ते आधीच बसलेले असतात. शिवाय यातल्या काही रसायनांतून इस्त्रीच्या उष्णतेनं फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं. डोळे चुरचुरायला लागले तर पंख्याची दिशा बदलून भागत नाही, उठून बाहेर यावं.

खर्चाचा विचार करण्याआधी एक गोष्ट आरशासमोर ठरवून टाका. केस लहानपणापासूनच बारीक आहेत, की पूर्वी दाट होते आणि आता विरळ होत चाललेत? पहिला प्रकार हा आजार नाही. केसाची जाडी मुळाशीच ठरते आणि बाहेरून लावलेलं कुठलंही तेल ती वाढवत नाही. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणंही सगळ्यांचंच चालू असतं. दुसऱ्या प्रकाराचा रस्ता दवाखान्यातून जातो, त्याकडे पुढे येऊ.

बारीक केसांना सर्वांत जास्त परतावा देणारा खर्च म्हणजे कात्री. जुन्या पनवेलच्या किंवा खांदा कॉलनीच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये दोनशे ते चारशे, मॉलमधल्या किंवा साखळी सलूनमध्ये सहाशे ते बाराशे. सांगायचं एवढंच, की खालची कड एका रेषेत, बोथट कापा आणि लेयर्स अगदी मोजके ठेवा. भरपूर लेयर्स म्हणजे भरपूर केस असा समज आहे, पण बारीक केसांत लेयर्स वाढले की टोकांशी उरतात चार दोऱ्या. लांबी खांद्याच्या आसपास आणली तर तेच केस दीडपट दिसतात. कंबरेपर्यंतच्या उंदराच्या शेपटीचा मोह सोडणं जड जातं, मान्य आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे दोन-अडीच महिन्यांनी कड पुन्हा सरळ करून घ्यावी लागते. हा खर्च वर्षाचा धरा, एकदाचा नव्हे. पुरुषांचं गणित सोपं आहे: बाजू बारीक, वर थोडी लांबी, शे-दीडशे रुपयांत वरचे केस दाट दिसू लागतात.

लग्नसराईत नवरीची वेणी घालणाऱ्या बायकांचं खरं गुपित मात्र कात्री नव्हे, क्रिम्पिंग. वरच्या केसांचा पदर बाजूला घेऊन आतल्या केसांना मुळाशी बारीक नागमोडी चिमटे द्यायचे आणि वरचा पदर पुन्हा पांघरायचा. बाहेरून काही दिसत नाही, पण आतून केस उचलले जातात. बॅककोंबिंगपेक्षा हे कितीतरी बरं, कारण उलटं विंचरून केलेला गुंता सोडवताना बारीक केस तुटतात. क्रिम्पिंगचं साधं मशीन आठशे ते पंधराशेला मिळतं. पार्लरमधला एक ब्लो ड्राय तीनशे ते सहाशेचा, म्हणजे तीनचार समारंभांत मशीनचे पैसे वसूल. फक्त रोज वापरू नका, उष्णता शेवटी उष्णताच. रोजच्यासाठी वेल्क्रोचे रोलर पुरेत. डब्यात पोळी-भाजी भरेपर्यंत टाळूवर तीन रोलर अडकवून ठेवले, की सीएसएमटीची लोकल पकडताना केस निदान मानसरोवर स्टेशनपर्यंत तरी उभे राहतात.

फुकटातली युक्ती म्हणजे भांग. वर्षानुवर्षं एकाच जागी भांग पाडला की तिथले केस दोन्हीकडे आडवे पडायची सवय लावून घेतात आणि टाळू रुंद दिसते. तो बोटभर सरकवा, किंवा रेघ सरळ न पाडता वाकडीतिकडी पाडा. वेणी तीनपेडी न घालता पाचपेडी घाला, आणि बांधून झाल्यावर एकेक पेड हलक्या हातानं बाजूला ओढा. वेणी पसरट होते.

आता तेल. १८७२ पासून आयुर्वेदिक औषधं बनवणारी श्रीधूतपापेश्वर ही संस्था पनवेलचीच, तेव्हा माका, आवळा, जास्वंद यांच्यावर इथल्या घराघरांत श्रद्धा असायचीच. तेल जरूर लावा, पण न्हाण्याच्या आदल्या रात्री. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केसांतली प्रथिनं निघून जाणं कमी करण्यात खोबरेल सरस ठरलं. (अभ्यास मुंबईत मॅरिकोमध्येच झालेला, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांकडे, हेही सांगायला हवं.) न्हाल्यावर ‘थोडंसं बोट’ फिरवलंत, की बारीक केसांच्या बटा पडतात आणि मधून टाळू डोकावते. कंडिशनरही फक्त टोकांना. एप्रिल-मेमध्ये तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी येत असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या आरओ फिल्टरमधला घ्या. हजार-दोन हजारांचे शॉवर फिल्टर पाण्याचा जडपणा क्वचितच काढतात.

मेंदी केसावर पातळ थर चढवते, त्यामुळे केस हाताला जाड लागतात, हे खरं. पण ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बहुतेकदा पीपीडी हे रंगद्रव्य असतं. त्याची अॅलर्जी येऊ शकते, म्हणून आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा.

उसने केस लावण्याची लाज वाटत असेल तर गंगावन आठवा. आपल्या आज्या-पणज्या लग्नकार्यात खोपा-अंबाडा घालताना गंगावन गुंफत होत्याच. आजही पनवेलच्या बाजारपेठेत शृंगाराच्या दुकानात कृत्रिम धाग्याचं गंगावन दीडशे ते चारशेला, आणि अंबाड्याच्या आत घालायचं स्पंजचं डोनट पन्नास-शंभराला मिळतं. त्याचंच आजचं रूप म्हणजे क्लिप लावायचा टॉपर. खऱ्या केसांचा टॉपर साधारण पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत जातो. तो घेताना रंग दुकानातल्या दिव्याखाली जुळवू नका, दारात उन्हात या. रोज लावणार असाल तर क्लिपची जागा बदलत राहा, नाहीतर ओढ बसून तिथलेच केस जातात. टाळूवर शिंपडायची तंतूंची पूड आठशे ते दोन हजारांत येते आणि फोटोत अप्रतिम दिसते. आपल्या जुलैत मात्र कपाळावरून काळा ओघळ येण्याची तयारी ठेवा.

केस विरळ होणाऱ्यांसाठी थोडक्यात. बाळंतपण, मोठा ताप, ऑपरेशन यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. त्यासाठी कुठलंही पॅकेज घेऊ नका. भांग रुंदावत चालला असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. खासगी तपासणी पाचशे ते हजार, हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडच्या चाचण्या मिळून हजार ते अडीच हजार. कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलं तर महिन्याला पाचशे ते आठशे धरा. सुरुवातीला गळती वाढल्यासारखी वाटते, फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि बंद केलं की मिळालेलं हातचं जातं. पीआरपीच्या (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्सची टाळूत इंजेक्शनं) एका सत्राला तीन ते आठ हजार सांगतात. सहा सत्रांचे पैसे आगाऊ मागितले, तर एकेकाचे देईन म्हणा.

बिल नेहमी मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसतेल आणि पार्लरची सेवा यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर जीएसटी क्रमांकच छापलेला नसेल तर तो कर तुमच्याकडून घेता येत नाही. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि गजरा. छोट्या अंबाड्यावर चार पदरी मोगरा बांधला, की वजनानं अंबाडा मानेवर उतरतो आणि फुलांपुढे केस आणखीच कमी दिसतात. एक पदर घ्या, तो अंबाड्याच्या खालच्या अर्ध्या बाजूनं फिरवा, आणि पिना डोनटमध्ये रुतवा, केसांत नको.