चण लहान, चाल वेगवान

"डॉक्टर, मुलगा वाऱ्यासारखा पळतो, पण अंगाने भरतच नाही. उंचीसाठी एखादे टॉनिक द्या ना!" खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात. वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर आज मी एका परक्या खेळाच्या आधारे देणार आहे. तो खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी. आपल्या देशात ती मुख्यतः लडाखसारख्या भागात खेळतात. कॅनडात मात्र ती घराघरांत आहे आणि धिप्पाड खेळाडूंचा खेळ म्हणूनच ती ओळखली जाते.

त्याच कॅनडात १९७५ साली मार्टिन सेंट लुई जन्मला. मोठेपणी त्याची उंची भरली ५ फूट ८ इंच. आपल्याकडे ही चांगली उंची, पण त्या खेळात तो बुटकाच ठरला. व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत त्याला कोणीही घेतले नाही. पुढे एका संघाने घेतले आणि २००० साली सोडूनही दिले. मग टँपा बे संघातून खेळताना २००४ मध्ये त्याने ९४ गुण मिळवले. त्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाने स्टॅन्ले चषक जिंकला. २०१३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तो पुन्हा गुणांच्या यादीत पहिला आला.

यातून वैद्यकीय धडा काय घ्यायचा? पहिला धडा असा की, वय सारखे असले तरी शरीर सारखे नसते. मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. पण कोणाचा हा काळ अकराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्या. म्हणून एकाच वर्गातली दोन निरोगी मुले बाप-लेकासारखी दिसू शकतात! शिवाय वयोगट १ जानेवारीपासून मोजला, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. कॅनडातील वरच्या दर्जाच्या हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेले खूपच जास्त असल्याचे रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले. प्रशिक्षक ज्याला गुणवत्ता समजतात, ते पुष्कळदा नुसते वय असते.

दुसरा धडा आहे दुखापतीचा. या हॉकीत अंगाने धडक देण्यास मुभा असते. कॅनडाच्या दोन प्रांतांतील ११-१२ वर्षांच्या मुलांची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे धडक चालत होती, तिथे सामन्यातील दुखापतींचा व मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. त्यानंतर अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटातील धडक बंद केली. आपल्या कबड्डीच्या मैदानावरही एवढे पाळाच : डोक्याला मार लागून चक्कर, उलटी, गोंधळ किंवा डोकेदुखी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद. मुलाला ताबडतोब डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी सांगितल्यावरच हळूहळू मैदानावर पाठवा.

तिसरा धडा, आहे ते भांडवल वाढवा. ठेंगण्या खेळाडूचा गुरुत्वमध्य खाली असतो, म्हणून त्याला झटकन वळता येते, तोलही चांगला राहतो. बर्फावर पाय बाजूला रेटून वेग घ्यावा लागतो. त्यासाठी मांड्या, नितंब व पोटाचे स्नायू बळकट हवेत. उठाबशा, एका पायावरचा तोल, छोट्या धावा आणि मध्ये पुरेशी विश्रांती, एवढ्यावर सुरुवात होते. वजन उचलण्याचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने करावा. त्याने उंची खुंटते ही समजूत खोटी आहे. मात्र वाढीच्या वयात गुडघ्याखालचे हाड सतत दुखत असेल, तर सराव कमी करा.

आता आहार. डाळ-भात, भाकरी, उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे, केळी हे पोटभर मिळाले, तर महागड्या डब्यांची गरज नाही. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवीच. उंचीच्या नावाखाली विकली जाणारी इंजेक्शने आणि पावडरी सल्ल्याविना मुळीच देऊ नका.

मात्र शाळकरी मुलाची उंची वर्षाला ४ सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढत असेल, किंवा मुलात चौदाव्या व मुलीत तेराव्या वर्षापर्यंत वयात येण्याची लक्षणे नसतील, तर तपासणी अवश्य करून घ्यावी. एरवी दर सहा महिन्यांनी भिंतीशी उभे करून उंची मोजा, तारखेसह वहीत लिहा. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा ही वही मला जास्त उपयोगी पडते. तपासणीला येताना ती बरोबर आणा.