चाळीस हजार टाके

पाच फूट रुंद आणि सात फूट लांब वाकळेत, म्हणजे गोधडीत, टाके किती पडतात, हा हिशेब आमच्या सांगलीकडे सहसा कुणी मांडत नाही. माझी सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे तो मांडल्याशिवाय मला चैन पडेना. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं तर रुंदीत १२० ओळी बसतात. एकेक ओळ सात फुटांची, म्हणजे एकूण शिवण झाली ८४० फूट. टाका मोकळ्या जागेसकट पाव इंचाचा धरला तर टाके होतात ४०,३२०. ओळी सरळ घाला की कडेपासून आत आत चौकोनात घाला, आकडा फारसा बदलत नाही. सरावलेला हात मिनिटाला वीस टाके घालतो असं मानलं, तरी नुसत्या टाक्यांचेच साडेतेहतीस तास होतात. लुगडी धुणं, वाळवणं, थर जुळवणं, कच्चे टाके घालणं, पुन्हा पुन्हा सुई ओवणं हे यात धरलेलं नाही.

हा आकडा आधी सांगते, कारण ‘एखादा छंद लावून घ्या, मन रमतं’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. मन रमतं हे खरंच आहे. पण ते रमत असताना हात, मान आणि डोळे काय करत असतात, हेही कुणीतरी सांगायला हवं.

निवृत्तीनंतर आईच्या पेटीतली नऊवारी लुगडी निघाली. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. एका लुगड्यात वाकळेचे वरचा आणि खालचा असे दोन्ही थर आरामात निघतात, आत घालायला जुनी धोतरं, पंचे, विटलेल्या चादरी चालतात. मी भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसायची आणि शिवायची. कुठली चिंधी कुठे लावायची हे मला कुणी सांगत नव्हतं, आणि मीही कुणाला विचारत नव्हते. नोकरीभर माझी प्रत्येक सही दुसरं कुणीतरी तपासत होतं. जांभळ्या काठाशेजारी हळदी रंग लावला तर तो चुकला असं म्हणणारं इथे कुणी नव्हतं. स्वतःकडे लक्ष देणं म्हणजे मालिश आणि सुगंधी मेणबत्त्या असं हल्ली जाहिरातींतून कळतं. मला विचाराल तर दिवसातला एखादा निर्णय असा असावा, ज्यासाठी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

मग भाचीने फोटो काढले. “मावशी, एवढं सुंदर करतेस, तर विकत का नाहीस?” तिचा हेतू चांगलाच होता. इन्स्टाग्रामवर फोटो गेले, चौकश्या आल्या, आणि पुण्यातल्या एका दुकानाने एकदम बऱ्याच वाकळा सांगितल्या. त्यांना रंग हवे होते राखाडी आणि मोतिया, कारण तेच सोफ्यावर शोभतात. कापड त्यांनीच पाठवलं, बरंचसं पॉलिएस्टरचं. हे कापड सुईखाली सरकतं, थर जागचे हलतात, म्हणून चिमटीत घट्ट धरून शिवावं लागतं. भाव ठरला नगाला दोन हजार. वरच्या हिशेबाने तासाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तारीख मात्र ठरलेली.

त्या काळात आणखी एक गोष्ट झाली, ती कळायला वेळ लागला. स्वतःसाठी म्हणून शिवायला घेतलेल्या वाकळेतही मी फोनवर उठून दिसतील असेच रंग निवडू लागले होते. आईच्या लुगड्याचा फिकट, मातकट हिरवा फोटोत मळका दिसायचा, म्हणून तो बाजूला पडायचा. हाताला मऊ लागणारं कापड कुठलं, हा प्रश्नच मागे पडला. वाकळ पांघरायची असते, आणि माझ्या वाकळा आता नुसत्या बघायच्या झाल्या होत्या.

अंगठा आधी सकाळीच दुखायचा. मग चहाचं पातेलं पकडीने उचलताना मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ येऊ लागली. शेकलं, लेप लावला, तारीख जवळ होती म्हणून कापड गुंडाळून शिवत राहिले. शेवटी बरणीचं झाकण फिरवता येईना, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेले. त्यांनी नाव सांगितलं डी क्वेर्व्हेनचा आजार. या नावाच्या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. अंगठा हलवणाऱ्या दोन शिरा, म्हणजे ज्यांना डॉक्टर कंडरा म्हणतात त्या, मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. अंगठा आणि मनगट एकाच तऱ्हेने सतत वापरलं की ते आवरण जाड होतं आणि कंडरा आत घासू लागतात. शिवणाऱ्या-विणणाऱ्यांना हा त्रास होतो, तसा तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आयांनाही होतो. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीकडे वाकवलं आणि झणकन कळ गेली, तर शंका घ्यायला जागा आहे. जोर लावून बघू नका, बाकी डॉक्टर बघतील.

मला अंगठ्याला आधार देणारा पट्टा कित्येक आठवडे लावावा लागला, नंतर स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं लागलं. मधुमेह असेल तर हे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढू शकते. दुकानाने उरलेलं काम परत मागवलं आणि झालेल्या कामाचे पैसे कापून दिले. त्यावर बोलत नाही.

आता सांगण्यासारखं जे आहे ते सांगते. हे मुख्यतः पेन्शन किंवा घरात दुसरी मिळकत असलेल्यांसाठी आहे. जिचं घर सुईवर चालतं, तिला मी ‘विकू नका’ म्हणणं उद्धटपणाचं होईल. तिने बचत गटातून एकत्र भाव ठरवावा. राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि गटांच्या मालाला बाजार मिळवून देणं हे त्याच्या कामात येतं. तिच्या तासाला साठ रुपयांपेक्षा कितीतरी जास्त मिळायला हवेत, आणि ते मागायला लाजायचं कारण नाही.

बाकीच्यांनी मात्र हातात कला आली की लगेच दुकान मांडण्याची घाई करू नये. कुणी कौतुकाने ‘विक की’ म्हणालं तर ते कौतुक म्हणूनच घ्यावं. विकायचंच असेल, तर आधी वरच्यासारखा हिशेब कागदावर मांडावा, आणि एक काम कायम असं ठेवावं जे विकायचं नाही आणि पुरं होईपर्यंत ज्याचा फोटोही काढायचा नाही. फोटोची बंदी ही माझी खास अट आहे. अर्धवट कामावर चार जणांनी मत दिलं की पुढचा टाका त्यांच्या मताने पडतो.

वेळेचंही तसंच. ‘सगळं आवरलं की बसेन’ असं म्हणणारी बाई कधीच बसत नाही, कारण घरात सगळं कधी आवरत नाही. मी दुपारचा चहा झाल्यावर बसते, तेव्हा उजेड असतो आणि दोरा ओवायला चष्म्याशी झगडावं लागत नाही. रात्री, पिवळ्या दिव्याखाली, गडद कापडावर गडद दोऱ्याने शिवणं बंद केलं. वीसेक मिनिटं झाली की सुई खाली ठेवून उठते, खिडकीतून लांबचं झाड बघते, मूठ उघडमीट करते. सुई हल्ली थोडी लांब घेते म्हणजे चिमटीवर जोर कमी येतो, दोऱ्याला मेण लावते, बोटात अंगुस्ताण घालते. थर तीनच ठेवते. पाच-सहा थरांची वाकळ उबदार होते हे खरं, पण प्रत्येक थर सुईला ढकलावा लागतो आणि तो अंगठाच ढकलतो.

पट्टा लावलेल्या दिवसांत सुई बंद होती. तेव्हा डाव्या हाताने चिंध्या जमिनीवर मांडायची, मोडायची, पुन्हा मांडायची. कुठलीच मांडणी टिकली नाही. पण जांभळ्या-हळदीचं ते जुनं सुख परत आलं ते शिवणातून नव्हे, या मांडामांडीतून. म्हणून ज्यांचा हात खरोखर चालत नाही त्यांनाही सांगते, कामाचा एक भाग असा असतोच जो दुखऱ्या हाताला जमतो. गाणाऱ्याने आवाज बसला की ऐकावं, चित्र काढणाऱ्याने नुसते रंग कालवावेत.

घरकाम आणि कला असा विषय निघाला की कवयित्री बहिणाबाई चौधरींची आठवण सगळेच काढतात, मीही काढते, पण जरा वेगळ्या कारणासाठी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांना जे सुचलं, ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ मध्ये. ‘बघा, कष्टातही कला फुलते’ असं म्हणून टाळ्या वाजवणं मला पटत नाही. कष्ट त्यांनी निवडले नव्हते, दळणाला पर्याय नव्हता. त्या दळणात स्वतःचं म्हणून जे होतं, ते गाणं होतं, आणि ते रचताना पुढे पुस्तक होईल असा विचार त्यांच्यापुढे नव्हता. आपल्याकडे तर पीठ गिरणीतून दळून येतं. तरी आपल्याला स्वतःचं काही करायला आधी गिऱ्हाईक लागतं, हे काही ठीक नाही.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. सुती लुगडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की बरोबर घडीवरच विरतात, मग त्यांचं काहीच होत नाही. ती याच महिन्यात उतरवा आणि धुऊन सावलीत वाळवा. पहिल्याच दमात वाकळ घालू नका, तीन फुटी चौकोनी दुपटं शिवा, दोन मऊ थरांचं. आणि हे वाचताना मनगट दुखत असेल, तर सुईआधी डॉक्टर गाठा.