पैशाची वाट आणि मोबाइल कंपन्या

अंधेरी स्थानकाबाहेरचा रिक्षावाला असो की घाटकोपरच्या बाजारातील भाजीवाली, क्यूआर कोडचा कागद आता बहुतेकांजवळ असतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला एका गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. पैसा जर मोबाइलवरून जातो, तर हा व्यवहार मोबाइल कंपन्यांच्या हाती का नाही?

केनियात तसे घडले. तेथे सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ साली ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. बँकेत खाते नसलेला मनुष्य जवळच्या दुकानात रोकड भरतो आणि ती रक्कम साध्या फोनवरून गावी धाडतो. आपल्या गिरणी कामगाराची कोकणात जाणारी मनिऑर्डर आठवली, म्हणजे या सेवेचे मोल सहज कळते.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. एअरटेल मनी २०११ साली आणि व्होडाफोनची एम-पेसा २०१३ साली आली. रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये ११ अर्जदारांना पेमेंट्स बँकेसाठी तत्त्वतः मान्यता दिली. त्यांतही मोबाइल कंपन्या होत्या. एअरटेलची बँक टिकली. व्होडाफोनची एम-पेसा मात्र २०१९ मध्ये बंद पडली.

असे का झाले? माझ्या मते त्याचे कारण रचनेत आहे. कंपनीचे पाकीट हा एक बंद डबा होता. त्यात आधी पैसे भरावे लागत आणि एका कंपनीच्या पाकिटातून दुसरीच्या पाकिटात ते सहसा जात नसत. याउलट, २००८ साली स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१० मध्ये आयएमपीएस आणि २०१६ मध्ये यूपीआय आणून बँकाच एकमेकींना जोडल्या. ॲप कोणतेही असो, पैसा खात्यातून थेट खात्यात जातो. त्याच वर्षीची नोटाबंदी आणि स्वस्त झालेले इंटरनेट यांनीही या सेवेस हातभार लावला. वांद्रे-कुर्ला संकुलातून, म्हणजे आपल्याच उपनगरातून, कारभार चालविणाऱ्या या संस्थेने वाट सर्वांना खुली केली. मोबाइल कंपनीकडे केवळ संदेश वाहण्याचे काम उरले.

तथापि एक किल्ली तिच्याच हाती राहिली आहे. यूपीआयची नोंदणी करताना आपल्या सिमवरून एक संदेश जातो आणि तो क्रमांक खात्याशी ताडून पाहिला जातो. म्हणजे मोबाइल क्रमांक हीच आपली ओळख! रिचार्ज न केल्याने क्रमांक बंद झाला, तर किमान ९० दिवसांनंतर तो दुसऱ्यास मिळू शकतो. शिवाय लबाडीने आपल्या नावाचे दुसरे सिम मिळवणाऱ्याच्या हाती बँकेचे ओटीपी जातात. म्हणूनच जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. आणि एप्रिल २०२५ पासून बँकांनी व ॲपचालकांनी बंद क्रमांकांच्या यादीशी आपल्या नोंदी दर आठवड्यास जुळवायच्या आहेत.

नियम झाले, तरी घरातील वडीलधाऱ्यांचा बँकेत नोंदलेला क्रमांक चालू आहे का, हे कोणी पाहावयाचे? बोरिवलीत राहो वा मुलुंडला, माझ्या विद्यार्थी-मित्रांनी आजच घरी गेल्यावर एवढी चौकशी करावी. मोबाइलचे फाजील शौकीन म्हणून आपल्याला नेहमी बोल लागतो. या निमित्ताने आपले ज्ञान घराच्या उपयोगी पडेल.