थोडे बनवा, खेळवून पाहा, मग सुधारा

मिरजेच्या तंबोऱ्यांसाठी लागणारे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. तंबोरा तयार झाला की जवारी काढण्याचे नाजूक काम उरते. कारागीर घोडीचा वरचा भाग थोडासा घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, पुन्हा ऐकतो. एका दमात कोणी जवारी काढत नाही, कारण जास्त घासले गेलेले भरून येत नाही.

हीच रीत घरी एकट्याने संगणकावर गेम बनविणाऱ्या तरुणाच्याही कामाची आहे. दिवसा दुकान सांभाळून रात्री हा छंद करणे माढ्यासारख्या गावातही आता शक्य आहे. गोडो नावाचे गेम बनविण्याचे साधन मोफत मिळते. खरे भांडवल लागते ते वेळेचे, आणि तेच वाया जाते. मुलगा दोन वर्षे खपून मोठा गेम बनवितो. तो प्रथमच दुसऱ्याच्या हाती जातो, तेव्हा खेळणारा दोन मिनिटांत कंटाळतो. घरचे म्हणतात, हा नाद सोड. अशा वेळी दोष बहुधा हुन्नराचा नसतो, रीतीचा असतो.

स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी नोकरी सांभाळून मे 2009 मध्ये ‘माइनक्राफ्ट’ची अपुरी आवृत्ती लोकांसमोर ठेवली. खेळणाऱ्यांचे ऐकत ते तीत भर घालीत गेले. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर 2011 मध्ये आली, तोवर लाखो लोकांनी तो गेम विकत घेतला होता. तेवढे यश प्रत्येकाला मिळणार नाही, पण रीत शिकता येते.

समजा, उसाची ट्रॉली न उलटता कारखान्यापर्यंत नेण्याचा गेम बनवायचा आहे.

1) प्रथम एक ट्रॉली, एक रस्ता, एक वळण एवढेच करावे. चित्रांऐवजी चौकोनी ठोकळे चालतील. आठवड्याभरात खेळता येईल इतकेच काम घ्यावे. ठोकळ्यांत मजा नसेल तर रंग भरून ती येणार नाही.

2) तो पाच जणांना खेळायला द्यावा आणि आपण गप्प बसावे. ‘इथे दाब’ असेही सांगू नये. हात कोठे अडला, खेळ कोठे सोडला, हे वहीत लिहावे. ‘छान आहे’ या शब्दांवर जाऊ नये. गिऱ्हाईक पुन्हा दुकानात येते तसा खेळणारा गेम पुन्हा मागतो, हीच खरी पावती.

3) एका वेळी एकच बदल करावा. पाचपैकी तिघांची ट्रॉली वळणावर उलटत असेल तर वेग कमी करावा किंवा रस्ता रुंद करावा. दोन्ही एकदम केले तर गुण कशाने आला ते कळत नाही.

4) बदलापूर्वी जुनी प्रत तारीख घालून ठेवावी, एक पेनड्राइव्हवरही ठेवावी. घासलेली घोडी परत मिळत नाही, बिघडलेला गेम मात्र जुन्या प्रतीमुळे परत मिळतो.

बाजारातही ही सवय उपयोगी पडते. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना गूगलने प्ले स्टोअरसाठी एक अट घातली. गेम सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी तो ठरावीक माणसांना सलग 14 दिवस तपासायला द्यावा लागतो. ही संख्या आधी 20 होती, डिसेंबर 2024 मध्ये ती 12 झाली. खात्याची फी 25 डॉलर, तीही एकदाच. ज्याने पहिल्या आठवड्यापासून खेळणारी माणसे जोडली, त्याला ही अट जड जात नाही. मात्र पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन गेमवर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. त्या वाटेने कमाईचा विचारही करू नये.

पाच-सहा फेऱ्यांनंतरही कोणी गेम पुन्हा मागत नसेल तर तो बाजूला ठेवून दुसरा हाती घ्यावा. मागणी दिसली तरच चित्रांवर आणि संगीतावर पैसा घालावा.

वडीलधाऱ्यांनीही ‘यातून कमाई किती?’ हा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा. ‘या आठवड्यात कोणाला खेळायला दिलेस, आणि ते कोठे अडले?’ असे विचारावे. उत्तर वहीत लिहिलेले निघाले, तर मुलगा धंद्याची पहिली पायरी शिकला असे समजावे.