उन्हाचें काम शेगडीला होत नाहीं

गेल्या हिवाळ्यांत एका विद्यार्थ्याच्या मातोश्रींनीं आम्हांस विचारलें, "सर, धाकट्याला मुडदूस झाला आहे. डॉक्टर औषध देऊन वर म्हणतात, ऊन द्या. आम्ही तर रोज शेगडीजवळ शेकतों. ऊब ती ऊबच ना?" तेव्हां दिलेलें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें पुरें करितों.

वसमतकडील शेतकऱ्यांस हा भेद ठाऊक आहे. ओली हळद ते प्रथम शिजवितात, मग उन्हांत घालतात. शिजविण्याचें काम उन्हावर कोणी सोपवीत नाहीं. तेथें ऊन केवळ वाळवितें. आपल्या त्वचेंत मात्र तें रेणूची घडणच बदलतें.

त्वचेंत कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातलग असतो. त्याच्या चार कड्यांपैकीं एक उघडलें म्हणजे 'ड' जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. कडें उघडतांना त्याचीं दोन टोकें वळावीं लागतात. विद्यार्थिमित्रहो, घराच्या दुहेरी दाराकडे पाहा. दोन्ही कवाडें आंत लोटलीं तर तीं परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. एक आंत व एक बाहेर लोटलें तर दोन्ही एकाच दिशेनें फिरतात. रेणूला यांतील हवी ती तऱ्हा निवडतां येईल असें वाटतें. पण तशी मोकळीक त्याला नाहीं.

इलेक्ट्रॉन लाटेप्रमाणें वागतात, आणि उंचवट्याला उंचवटा भेटला तरच बंध जुळतो. येथें सहा इलेक्ट्रॉन तीन कक्षकांत जोडीजोडीनें बसलेले असतात व सर्वांत वरचा कक्षक निर्णय करितो. कडें जुळतांना पाहिलें तर हें लवकर उमगतें. उघडणें त्याच वाटेनें उलट होतें. नुसत्या उष्णतेंत निर्णय तिसऱ्या कक्षकाचा. त्याच्या दोन्ही टोकांचे उंचवटे एकाच बाजूस असल्यानें टोकांना विरुद्ध दिशांनीं वळावें लागतें. प्रकाश पडला कीं एक इलेक्ट्रॉन चौथ्या कक्षकांत चढतो. तेथें एका टोकाचा उंचवटा वर, दुसऱ्याचा खालीं, म्हणून टोकें एकाच दिशेनें वळतात. आपल्या रेणूंत उष्णतेची तऱ्हा अडते, कारण तसें वळल्यास शेजारच्या कड्यांत न मावणारा पीळ पडतो. शेगडी कितीही पेटवा, तें दार उघडत नाहीं! सूर्यानें उघडल्यावर मात्र देहाची ऊबच पुढचें काम करिते: एक हायड्रोजन जागा बदलतो व जीवनसत्त्व सिद्ध होतें.

हा नियम रॉबर्ट वुडवर्ड व रोआल्ड हॉफमन यांनीं १९६५ मध्यें मांडला. जपानचे केनिची फुकुई १९५२ पासूनच सीमावर्ती कक्षकांचा विचार मांडीत होते. १९८१ चें नोबेल पारितोषिक फुकुई व हॉफमन यांस मिळालें. वुडवर्ड १९७९ मध्येंच निवर्तले होते. हॉफमन यांच्या बालपणाची एक गोष्ट आम्हांस विसरवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ज्यूंचा संहार चालू असतां हा लहान मुलगा आईसह एका शाळेच्या माळ्यावर सुमारें दीड वर्ष लपून राहिला होता. प्रकाशाचा हिशेब पुढें त्यानेंच मांडला!

पालकांस व्यवहाराचें इतकेंच सांगणें आहे कीं, खिडकीच्या कांचेंतून आलेलें ऊन येथें कामाचें नाहीं, कारण आवश्यक ते अतिनील किरण कांच अडविते. अगदीं कोंवळ्या उन्हांतही ते फार थोडे असतात. उलट, भर उन्हाळ्यांत दुपारीं मुलास बाहेर ठेवणें हा अविचार होय. शिवाय अधिक वेळ बसविल्यानें जीवनसत्त्व त्या प्रमाणांत वाढतही नाहीं, कारण पूर्वावस्थेपासून तोच प्रकाश दुसरे निरुपयोगी पदार्थ करूं लागतो.

त्या मातोश्रींनीं आतां मुलाची बाज दहाच्या सुमारास थोडा वेळ अंगणांत आणली आहे. डॉक्टरांचें औषधही चालूच आहे.